सात नंबरची विहीर

दुसऱ्यांदा रोपं गेली तेव्हा थोरली रडली नाही. पहिल्या वेळी पोटभर रडून झालं होतं. ती शेडमध्ये उकिडवी बसली, मिरचीच्या रोपांचा एक ट्रे मांडीवर घेतला आणि एकेक पान उलटून बघितलं. कडा पिवळ्या, टोकाशी वाळून पांढऱ्या, मधली शीर तेवढी हिरवी. कीड नाही, बुरशी नाही, माती ओली. असे दोनशे ट्रे होते आणि सगळ्यांचं दुखणं एकच होतं.

"ताई, पाण्याचाच काही घोळ आहे," धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे तिची जाऊ. रोपांचं शेड दोघींनी मिळून उभं केलं त्याला सहा वर्षं झाली होती. थोरली माती कालवून ट्रे भरायची आणि धाकटी बी टोचायची, कारण तिचा हात हलका होता. भाजी करणारे शेतकरी आधी येऊन रोपं सांगून जायचे आणि जाताना हमखास म्हणायचे, की जावाजावांचं पटतं असं शेड दुसरीकडे दाखवा. त्या दोघी हसायच्या. पटतं म्हणजे काय, दिवसातून चार वेळा भांडायच्या, पण ट्रे सोडून कुणी जायची नाही.

पाण्याचा घोळ आहे हे थोरलीच्या नवऱ्यानेही ऐकलं आणि तिथेच सगळं बिघडलं. थोरला माणूस कष्टाळू होता, पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट शिरली की दुसरीला जागा उरत नसे. विहीर दोघा भावांत एक. तिच्या वरच्या अंगाला धाकट्या भावाचा मका, खालच्या अंगाला थोरल्याचा. मक्यात दोघंही तणनाशक मारायचे, पण वरचं पाणी खाली येतं हे शाळेत न जाताही कळतं. थोरला तडक बांधावर गेला.

"तुझ्या औषधाने माझी विहीर नासली!"

"तुझी?" धाकटा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आणि दादा, तू काय मक्याला दूध पाजतोस का? एकाच दुकानातलं एकच औषध आहे."

"मी विहिरीपासून लांब मारतो. तू मुद्दाम कडेला मारतोस."

'मुद्दाम' हा शब्द नको होता. रागात गेला म्हणावा, तर त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानासमोर दहा-बारा माणसांत थोरला तो पुन्हा बोलला. भावाला शेडचं चांगलं चाललेलं बघवत नाही, असंही बोलला. त्या शेडमध्ये भावाचीच बायको राबते, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी शेडवर आली नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्याने निरोप पाठवला, तोही ट्रॅक्टरवाल्याच्या हाती, जसा परक्याला पाठवावा तसा. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला बोअरचं यंत्र येणार आहे. स्वतःचं पाणी काढतो. मग शेड वेगळं, अंगणात भिंत, आणि येणंजाणं बंद.

थोरलीने निरोप ऐकला आणि पुढ्यातले मेलेले ट्रे उपडे करायला घेतले. शेड गेलं तर पुन्हा उभं करता येईल, असं तिला वाटत होतं. धाकटी गेली तर मात्र ते कुणासोबत करायचं, हे तिला कळत नव्हतं.

*

त्याच आठवड्यात बाटलीबाई आली. तिचं खरं नाव गावात कुणी विचारलं नव्हतं. पाणी तपासणाऱ्या खात्याची ती बाई दर तीन महिन्यांनी स्कूटरवर बर्फाची पेटी बांधून यायची, बारा विहिरींतून बारा तपकिरी बाटल्या भरायची आणि जायची. थोरल्या-धाकट्याची विहीर तिच्या वहीत सात नंबरची. एकदा थोरलीने मायेने तिच्या बाटल्या साबणाने घासून उन्हात पालथ्या घातल्या होत्या. तेव्हा बाई डोक्याला हात लावून बसली होती आणि मग दोघी खूप हसल्या होत्या. प्रयोगशाळेतून भाजून आणलेली बाटली घासायची नसते, विसळायचीही नसते, हे थोरलीला त्या दिवशी कळलं.

आज बाई आली तेव्हा थोरला काठावरच उभा होता. "इतकी वर्षं पाणी नेताय बाई. सांगत तर कधी काही नाही."

"सांगते की. कागद सोसायटीच्या भिंतीवर लागतो. त्यावर तुम्ही लोक पान खाऊन बोटं पुसता."

तिने हातमोजे चढवले, स्टीलचं भांडं दोरीने पाण्यात सोडलं, मधल्या खोलीवर थांबवलं आणि वर ओढलं. पाण्याचं तापमान बघून वहीत लिहिलं. मग बाटली अशी भरली की झाकणाखाली हवेचा बुडबुडा उरू नये. तिरकी करून डोळ्यासमोर धरली, पुन्हा थेंबभर पाणी घातलं, झाकण घट्ट केलं. हे सगळं ती इतकं सावकाश करायची की बघणाऱ्याला जांभई यावी. थोरलीला मात्र ते बघायला आवडायचं.

"बाई, यात औषध सापडेल?" थोरलीने विचारलं.

"औषधही शोधतात आणि त्याचे तुकडेही. औषध जमिनीत गेलं की मातीत तुटत जातं. झिरपत झिरपत विहिरीपर्यंत यायला त्याला महिने लागतात, कधी वर्षं. तोवर मूळ औषध थोडं उरतं आणि तुकडे जास्त होतात. म्हणून दोन्ही मोजायचे. तुमची रोपं अशी झालीत म्हटल्यावर मी तातडीचा शिक्का मारते. पंधरा दिवस लागतील. आणि पिऊ नका हे पाणी."

"प्यायला गावचा नळ आहे."

"मग रोपांनाही तेच द्या तोवर."

नळाचं पाणी रोपांना पुरणार होतं थोडंच! थोरलीने नवे चाळीस ट्रे भरले, बी स्वतःच टोचलं आणि पाणी आणायला ट्रॅक्टरवाल्याच्या विहिरीवर जाऊ लागली. सकाळी सहा खेपा, दुपारी सहा. दोन्ही हातांत वीस लिटरचे कॅन. चौथ्या खेपेला बोटं सरळ व्हायची थांबत आणि कॅनची कडी तळव्यातून सोडवावी लागे. ट्रॅक्टरवाल्याची आई ओट्यावरून बघत बसायची.

"एवढी मोठी विहीर असून दुसऱ्याच्या दारात," ती म्हणायची. "सख्खे भाऊ म्हणे."

थोरली मान खाली घालून कॅन भरायची. उलट बोललं तर पाणी बंद, हे तिला ठाऊक होतं. वाटेत बांधापलीकडे धाकटी तण उपटताना दिसायची. एकदा कॅन हिंदकळून थोरलीचा पाय घसरला, ती गुडघ्यावर पडली. धाकटी चटकन उठली, दोन पावलं पुढे आली आणि नवरा शेतात आहे हे आठवून तिथेच थांबली. थोरली उठली आणि तिने हाताने खूण केली, की लागलं नाही. गुडघा तर चांगला सोलवटला होता.

बी उगवलं, पण वाकडंतिकडं. एका खळग्यात दोन, पुढचे तीन रिकामे. थोरलीचा हात बी टोचायचा नव्हताच.

*

पंधराचे अठरा दिवस झाले. आठ तारखेला दुपारी बाटलीबाई कागद घेऊन आली आणि शेडच्या दारात बसली. थोरला पाय धुऊन आला.

"बाकीच्या अकरा विहिरींत औषध नावापुरतं आहे, लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या आत. तुकडे दोन-तीन. म्हणजे ते सगळ्यांच्या रानांतून, मातीतून झिरपत आलेलं. तुमच्या विहिरीत तुकडे सहा." ती थांबली. "आणि औषध चारशे दहा."

"चारशे!" थोरली म्हणाली.

"ताजं आहे. हे मातीतून आलेलं नाही. मातीतून आलं असतं तर तुकडे झाले असते. हे वरून, थेट पाण्यात पडलेलं आहे."

थोरला उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता आणि खरं सांगायचं तर थोडं समाधानही होतं. "मी काय म्हणत होतो? ओतलंय त्याने. सरळ ओतलंय! उद्या हा कागद घेऊन पोलिसांत जातो."

"भाऊ, कुणी ओतलं असं कागदात लिहिलेलं नाही. आधी विहीर नीट बघू या."

"विहीर मी रोज बघतो!"

बाई थोरलीकडे बघून उठली. जाताना एवढंच म्हणाली, की आकडा कुणाचं नाव सांगत नसतो. पण थोरल्याचे कान तेव्हा बंद झाले होते.

मक्याचा शेवटचा तुकडा फवारायचा राहिला होता. कुणी विष घातलं म्हणून आपलं काम का थांबवायचं, असं म्हणत थोरल्याने काठावरच्या निळ्या ड्रममध्ये तणनाशक ओतलं. वरून विहिरीचं पाणी सोडलं की आपोआप ढवळलं जातं, ही त्याची नेहमीची रीत. नळी त्याने ड्रमच्या तळापर्यंत खुपसली. थोरली मोटरीपाशी वाकून प्रायमिंग करायला लागली. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला पाणी अडवून धरणारा फुटव्हॉल्व गळका होता. मोटर बंद झाली की पाइपातलं सगळं पाणी विहिरीत उतरायचं, आणि पुढच्या वेळी तांब्याने पाणी ओतून मोटर भरल्याशिवाय ती ओढायची नाही. वर्षभर हेच चाललं होतं. व्हॉल्व बदलायचा तर विहिरीत उतरावं लागतं, म्हणून ते काम उद्यावर जायचं.

मोटर सुरू झाली. ड्रम पाऊणएक भरला आणि वीज गेली.

थोरला शिव्या देत सावलीत जाऊन बसला. थोरली ड्रमशेजारी पदराने वारा घेत उभी राहिली. ड्रमच्या आतल्या बाजूला फेसाची पांढरी कड लागली होती. बघता बघता कड वर राहिली आणि पाणी चार बोटं खाली गेलं.

"अहो, ड्रम उतरतोय."

"गळत असेल."

तिने खाली वाकून बघितलं. जमीन कोरडी होती. ड्रमला हात फिरवला, तोही कोरडा. पाणी मात्र वीतभर उतरलं. तिने नळीला हात लावला. आत पाणी सरकत होतं, उलट्या दिशेने, मोटरीकडे आणि मोटरीतून खाली. तिने नळी वर खेचली. टोक पाण्याबाहेर आलं तसा सुर्रकन आवाज झाला, नळीने हवा ओढली आणि विहिरीत खळखळ वाजलं.

तो आवाज थोरल्याला सावलीत ऐकू गेला. तो आला. त्याने ड्रममध्ये बघितलं, नळीकडे बघितलं, मग विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिला.

"किती वेळा?" थोरलीने विचारलं.

त्याला मोजायची गरज नव्हती. वीज आठवड्यातून तीनदा जायची. मका चार टप्प्यांत पेरलेला, चार वेळा ड्रम भरलेला. गेल्या महिन्यात एकदा तो अर्धा ड्रम भरून जेवायला गेला होता आणि परत आला तर ड्रम रिकामा. तेव्हा त्याने भावावर औषध चोरल्याचा संशय घेतला होता.

"तूच म्हणालीस," तो कसाबसा म्हणाला, "नळी वर धरली की फेस उडतो, ट्रेवर पडतो. तळाला घाला म्हणालीस."

थोरलीला ते आठवत होतं. ती म्हणालीच होती. "हो, मी म्हणाले. ते मी कबूल करते, कुणाच्याही तोंडावर. पण मुद्दाम हा शब्द मी बोलले नाही."

"कुणाला सांगू नकोस एवढ्यात."

"बोअरचं यंत्र दहा तारखेला येतंय. त्याआधी तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मग तुम्हाला ते जास्त लागेल."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या शांतपणे ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

*

वीज आल्यावर त्याने विहीर उपसायला घेतली. बाईला फोन करून थोरलीनेच विचारलं होतं. बाई म्हणाली होती, मक्याला त्या औषधाचं काही होत नाही, थोडं थोडं करून पाणी मक्यातच सोडा, ओढ्याकडे जाऊ देऊ नका. त्या रात्री आणि नऊ तारखेला दिवसभर मोटर चालली. थोरला वाफ्यांतून पाणी फिरवत राहिला, जेवायलाही आला नाही. बांधापलीकडून धाकटा बघत होता. ऐन कामाच्या दिवसांत हा विहीर का उपसतो, हे त्याला कळत नव्हतं आणि विचारायची सोय त्याने ठेवली नव्हती.

दहा तारखेला सकाळी विहिरीत कमरेएवढं पाणी उरलं. फुटव्हॉल्वचं तोंड दिसायला लागलं. पाच पुरुष खोल विहीर, पायऱ्या अर्ध्यापर्यंतच. पुढे दोराशिवाय उतरता येत नाही, आणि दोर धरायला माणूस लागतो.

"ट्रॅक्टरवाल्याला बोलावू?" थोरलीने विचारलं. तिने ते मुद्दामच विचारलं होतं.

थोरल्याने दोर खांद्यावर टाकला आणि बांधाकडे चालू लागला. धाकटा बोअरच्या जागेवर दगड मांडत होता. थोरला समोर जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं असेल, पण त्यातलं काही तोंडातून निघालं नाही.

"व्हॉल्व बदलायचाय," तो म्हणाला. "दोर धरायला ये."

धाकट्याने वर बघितलं. "मी? मी विष घालणारा माणूस. दोर सोडला तर?"

"सोड, तुझी मर्जी. पण दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन मी उतरणार नाही."

धाकटा काही वेळ हातातला दगड चाचपत राहिला. मग तो खाली टाकून मागोमाग आला. बांधावर धाकटी उभी होती, तीही आली.

थोरल्याने दोर कमरेला बांधला. धाकट्याने गाठ ओढून बघितली, ती त्याला पसंत पडली नाही, त्याने ती सोडून पुन्हा बांधली. मग दुसरं टोक खांबाला एक वेढा देऊन हातात घेतलं आणि टाचा रोवल्या. थोरला उतरला. खालून पान्ह्याचा आवाज येऊ लागला. नट गंजलेले होते, एकेकाला वेळ लागत होता.

मग आवाज थांबला.

"रबर फाटलंय," विहिरीतून थोरला बोलला. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, पण त्याचा आवाज मोकळा झाला. "अर्धं लोंबतंय. वीज गेली की ड्रम याच्यातून विहिरीत उतरायचा. माझा ड्रम. माझं औषध. तू काही केलेलं नाहीस."

वर धाकट्याने दोराचा आणखी एक वेढा खांबाला दिला.

"ऐकू आलं का रे?"

"आलं," धाकटा म्हणाला. "विहिरीत सांगतोस होय, दादा? दुकानासमोर सांग. बोललास तिथेच सांग."

"सांगतो."

"मग ये वर. बर्फासारखं पाणी असेल खाली."

पाय काठाला लागल्यावर थोरल्याला वर घ्यायला धाकट्याने हात पुढे केला. दोघांचे हात चिखलाने बरबटले. थोरलीने धाकटीकडे बघितलं तर ती आधीच शेडच्या वाटेला लागली होती. "ताई," ती लांबूनच ओरडली, "हे काय बी टोचलंय? कोंबड्यांना टाकलं होतं का?"

दुपारी बोअरचं यंत्र आलं. धाकट्याने यंत्रवाल्याला बसवून पाणी पाजलं आणि परत पाठवलं. येण्याजाण्याचा खर्च द्यावा लागला, पण त्याची कुणी वाच्यता केली नाही.

*

झऱ्याने विहीर पुन्हा भरली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली. नवा व्हॉल्व बसला. ड्रमच्या तोंडावर थोरल्याने आडवी लाकडी पट्टी ठोकली आणि नळी त्या पट्टीला अशी बांधली की तिचं टोक पाण्याच्या वर वीतभर राहावं. मग ड्रमच विहिरीपासून चाळीस पावलं लांब नेला. फेस तिकडे हवा तेवढा उडत होता. बाटलीबाई मधेच दोन जादा खेपा घालून गेली. चारशे दहाचे अडतीस झाले, अडतीसचे पाच. धाकटीने एक ट्रे विहिरीच्या पाण्यावर वेगळा धरला होता. रोज सकाळी दोघी त्याच्यावर वाकायच्या. आठव्या दिवशी रोपांना दुसरी पानजोडी आली, कडेपर्यंत हिरवी. थोरलीने कॅन पालथे घालून ठेवले आणि आपल्या तळव्यांकडे बघितलं. घट्टे पडले होते, ते जायला वेळ लागणार होता.

पुढच्या फेरीनंतर बाई बारा विहिरींचा कागद घेऊन आली तेव्हा धाकट्याने तिला तो भिंतीवर चिकटवू दिला नाही. दुकानासमोर माणसं जमवली आणि तिला वाचायला लावलं. सात नंबरच्या विहिरीपाशी ती आली. "सातमध्ये आता दोन. बाकीचं तुमच्या सगळ्यांच्या रानांतून मातीतून येतंय. ते जायला वर्षं लागतील, म्हणून मी येत राहणार."

"चारशेचे दोन कसे झाले?" कुणीतरी विचारलं. "आणि चारशे कुणी घातलं होतं, ते सांगा ना आधी."

काही जणांनी धाकट्याकडे बघितलं. थोरला पाय ओढत पुढे आला.

"मी घातलं," तो म्हणाला. "इथेच उभा राहून मी भावाचं नाव घेतलं होतं. ते खोटं होतं. नळी ड्रमात बुडालेली, व्हॉल्व फाटका, वीज गेली की सगळं औषध विहिरीत. माझ्याच हाताने. चार वेळा." तो थांबला, आणखी काही सांगायचं राहिलं का म्हणून बघितलं. "एवढंच."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "स्वतःच्या विहिरीला स्वतःच पाजलं की!"

हशा पसरायच्या आत धाकटा उठला. थोरलीला तो क्षण पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. तो भावाच्या शेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून.

"कोण हसलं?" तो म्हणाला. "माझ्या भावाने चारचौघांत सांगितलं. आता हसणाऱ्याने आपल्या मोटरीचं सांगावं. कोणाकोणाला सकाळी तांब्याने पाणी ओतून मोटर भरावी लागते? वर करा हात."

दुकानदाराने उगाच तराजू पुसला. धाकटी थोरलीच्या जवळ सरकली आणि तिचा हात घट्ट धरून बसली.

बऱ्याच वेळाने ट्रॅक्टरवाला घसा खाकरत उभा राहिला. त्याच्या विहिरीवरून थोरलीने महिनाभर पाणी नेलं होतं, त्याच्या आईने ते मोजलं होतं.

"माझा गळतो," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. आणि नळी मी पण बुडवूनच ठेवतो. ड्रम भरताना अजून वीज गेली नाही, एवढंच."

"माझा पण," मागून आवाज आला. मग आणखी एक. मग तो हसणाराही, खाली बघत.

बाटलीबाईने दुकानाच्या पायरीवर बसून वही मांडीवर उघडली. "सावकाश," ती म्हणाली. "विहिरीचा नंबर सांगा आणि मग पुढचं सांगा. मला वेळ आहे."